कागदावर एकच पालक

रत्नागिरीतल्या कुणाला मूल दत्तक घ्यायचं असेल तर आता सुरुवात कुठल्या अनाथाश्रमाच्या पायरीवर होत नाही, ती संगणकासमोर होते. केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण, ज्याला सगळे 'कारा' म्हणतात, त्याच्या संकेतस्थळावर नाव नोंदवायचं, उत्पन्नाचे आणि आरोग्याचे दाखले चढवायचे आणि रांगेत उभं राहायचं. रांग मोठी आहे. देशभरात तीस हजारांहून जास्त इच्छुक पालक थांबलेले असतात आणि निरोगी, लहान बाळासाठी तीन-साडेतीन वर्षं सहज जातात. २०२४-२५ या वर्षात देशात ४,५१५ दत्तक विधानं झाली. दशकभरातला तो मोठा आकडा मानला गेला, तरी रांगेपुढे तो लहानच आहे.

त्या अर्जात अगदी सुरुवातीला एक प्रश्न येतो. तुम्ही विवाहित जोडपं आहात की एकल? दहा वर्षं एका घरात राहणाऱ्या, एकाच डब्यात घरखर्चाचे पैसे ठेवणाऱ्या, एकमेकींच्या आईवडिलांची आजारपणं काढलेल्या दोन स्त्रियांना या प्रश्नाचं खरं उत्तर देता येत नाही. त्या एकल नाहीत आणि कायद्याच्या लेखी विवाहितही नाहीत. पुढच्या सगळ्या अडचणी इथूनच निघतात.

नियम काय म्हणतो ते नीट पाहायला हवं, कारण याबद्दल गैरसमज बरेच आहेत. समलिंगी व्यक्तीने मूल दत्तक घेऊ नये, असं भारतातला कुठलाही कायदा म्हणत नाही. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ५७ नुसार एकल किंवा घटस्फोटित व्यक्ती दत्तक घेऊ शकते. ती कुणावर प्रेम करते हे कायदा विचारत नाही. अडतं ते पुढच्या पायरीवर. २०२२ च्या दत्तक नियमावलीतला नियम ५(३) सांगतो, की जोडप्याला मूल द्यायचं तर त्यांचं किमान दोन वर्षांचं स्थिर वैवाहिक नातं हवं. नातेवाइकांतलं आणि सावत्र पालकाचं दत्तक याला अपवाद आहे. समलिंगी जोडप्याला भारतात लग्न नोंदवता येत नाही. त्यामुळे दोन वर्षं सोडाच, वीस वर्षं सोबत काढली तरी 'जोडपं' म्हणून अर्ज करता येत नाही.

मग दोघांपैकी एकाने एकल म्हणून अर्ज करावा, हा मार्ग उरतो. पण १६ जून २०२२ रोजी काराने एक परिपत्रक काढलं. लग्न न करता जोडीदारासोबत दीर्घकाळ राहणाऱ्या अर्जदाराची एकल म्हणून नोंदणी होणार नाही, असं त्यात म्हटलं आहे. मूल स्थिर कुटुंबातच जावं, हे त्यामागचं कारण. म्हणजे जोडपं म्हणून जावं तर लग्न नाही आणि एकटं म्हणून जावं तर जोडीदार आहे. दोन्ही दारं एकाच कारणाने बंद होतात.

उरतो तो लपवण्याचा रस्ता. ज्यांना मूल हवंच आहे ते लोक तोच धरतात आणि त्याबद्दल त्यांना दोष देणं मला जमणार नाही. नोंदणीनंतर समाजकार्यकर्ता घरी येतो. याला सगळे 'होम स्टडी' म्हणतात. घरात कोण राहतं, किती खोल्या आहेत, मुलाची झोपायची सोय काय, अर्जदाराचा स्वभाव कसा, नातेवाईक या निर्णयाच्या पाठीशी आहेत का, हे सगळं तो विचारतो. मोठ्या शहरात दुसरी व्यक्ती 'रूममेट' म्हणून खपून जाते. रत्नागिरीत, चिपळुणात, दापोलीत ते अवघड आहे. इथे कुणाच्या घरी कोण किती वर्षं राहतं ते दूधवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. त्या भेटीच्या दिवशी दोघांपैकी एकाने घराबाहेर राहायचं, दोघांचा फोटो कपाटात ठेवायचा, एक टूथब्रश उचलायचा. मूल घरात येण्याची पहिली तयारी अशी खोट्याने करावी लागते. होम स्टडीचा खरा हेतू काय, तर मूल कुठल्या माणसांच्या हाती जाणार आहे हे जाणून घेणं. पण नियमच असा आहे, की ज्या माणसाच्या मांडीवर ते मूल रोज बसणार आहे त्याची चौकशी होऊ नये.

एकल अर्जदाराकडून आणखी एक कागद मागतात. अर्जदाराचं बरंवाईट झालं तर मुलाचा सांभाळ मी करीन, असं जवळच्या नातेवाइकाचं हमीपत्र. मागणी अगदी रास्त आहे. मूल पुन्हा उघड्यावर पडू नये, याचीच ती काळजी. पण ती हमी देतो पुण्याचा भाऊ किंवा डोंबिवलीची बहीण, ज्यांनी त्या मुलाला वर्षातून एकदा गणपतीत पाहायचं. रोज रात्री त्याला झोपवणाऱ्या माणसाची सही त्या कागदावर येऊ शकत नाही.

अर्जदार पुरुष असेल तर आणखी एक दार बंद. एकल पुरुषाला मुलगी दत्तक घेता येत नाही, हे कलम ५७ मध्येच स्पष्ट आहे. एकल स्त्री मुलगा किंवा मुलगी कुणालाही घेऊ शकते. वयाचीही अट आहे. दोन वर्षांखालचं बाळ हवं तर एकल पालक चाळिशीच्या आत हवा, आणि मूल व पालक यांच्या वयात किमान २५ वर्षांचं अंतर हवं. स्वतःला ओळखायला, घरच्यांना सांगायला, जोडीदार मिळायला आणि संसार बसवायलाच ज्यांची पस्तिशी उलटते त्यांना ही चाळीस वर्षांची रेघ फार जवळ वाटते. त्यातून तीन-साडेतीन वर्षांची प्रतीक्षा.

आणि सगळं नियमात बसलं तरी माणसांच्या मनातलं कुटुंबाचं चित्र आड येतंच. जळगाव जिल्ह्यातल्या भुसावळचं एक प्रकरण महाराष्ट्राने पाहिलं आहे. एका घटस्फोटित शिक्षिकेला आपल्या बहिणीचं मूल दत्तक घ्यायचं होतं. भुसावळच्या न्यायालयाने नकार दिला. कारण काय, तर ती नोकरी करते आणि एकटी आहे, मुलाकडे लक्ष कसं देणार. एप्रिल २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला आणि असा विचार कुटुंबाच्या मध्ययुगीन कल्पनांतून येतो, असं सुनावलं. त्या बाईंच्या बाजूने कायदा आधीपासून स्पष्ट होता, तरी त्यांना उच्च न्यायालय गाठावं लागलं. १ सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा अंतिम आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. म्हणजे रत्नागिरीच्या अर्जदाराचं भवितव्य आता जिल्हा बाल संरक्षण कक्ष आणि जिल्हाधिकारी कार्यालय यांच्या हाती आहे. तिथे बसलेल्या माणसाच्या मनात घर कसं दिसतं, यावर बरंच अवलंबून राहतं.

हिंदूंसाठी १९५६ चा दत्तक व निर्वाह कायदा हा वेगळा रस्ता आहे. ओळखीच्या किंवा नात्यातल्या कुटुंबाने मूल द्यायचं, दत्तकपत्र करून ते नोंदवायचं. भावाचं मूल घेण्याची कोकणातली जुनी पद्धत याच कायद्यात बसते. इथेही एकटी व्यक्ती दत्तक घेऊ शकते. पण कलम ११ मध्ये एक वाक्य आहे. एकच मूल एकाच वेळी दोन किंवा अधिक व्यक्तींना दत्तक घेता येणार नाही. पतीने पत्नीच्या संमतीने घेतलं की ती आपोआप दत्तक आई होते. लग्नाबाहेरच्या जोडीदाराला असं काहीच होता येत नाही. सरोगसीचा मार्गही बंद आहे. २०२१ चा कायदा तो विवाहित जोडप्यांना आणि ३५ ते ४५ वयाच्या विधवा किंवा घटस्फोटित स्त्रियांनाच देतो.

हे सगळं असूनही अशा घरांत मुलं वाढत आहेत, आणि या विषयात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती हीच गोष्ट. समलिंगी विवाहाच्या याचिका घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेलेल्यांत मूल वाढवणारी जोडपी होती. मुंबईत तृतीयपंथीयांसाठी काम करणाऱ्या गौरी सावंत यांनी, मरण पावलेल्या एका देहविक्रय करणाऱ्या स्त्रीची मुलगी सांभाळली, वाढवली, आणि तृतीयपंथीयांना दत्तकाचा हक्क मिळावा म्हणून न्यायालयाचं दार ठोठावलं. गौरीताईंचं प्रकरण जोडप्याचं नाही, पण माया आधी आणि कागद नंतर, हा क्रम तोच आहे. नियमांनी या मुलांना अशा घरांत येण्यापासून अडवलेलं नाही. नियमांनी एवढंच केलं, की त्यांच्या दोन पालकांपैकी एक कागदावरून पुसला.

पुसला म्हणजे काय, ते रोजच्या जगण्यात पाहू. मुलाला ताप चढला, शस्त्रक्रिया करायची वेळ आली, आणि कायदेशीर आई त्या दिवशी मुंबईला गेलेली असली, तर घरी असलेल्या दुसऱ्या आईची सही रुग्णालयाला पुरेशी नाही. शाळेच्या अर्जात पालक म्हणून तिचं नाव नाही. पालकसभेला ती गेली तर 'मावशी' म्हणून जाते. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी आईचं नाव घालायचं, असं महाराष्ट्र सरकारने ठरवलं. आईच्या नावाला उशिरा का होईना जागा मिळाली, हे चांगलंच झालं. पण मुलाचं नाव, आईचं, वडिलांचं, मग आडनाव, या क्रमात दोन आया किंवा दोन बाबा कुठेही बसत नाहीत.

दोघांचं पटेनासं झालं आणि ते वेगळे झाले, तर कायदेशीर नसलेल्या पालकाने मुलाला पोटगी द्यावी असं बंधन नाही, आणि त्याला मुलाला भेटण्याचा ठोस हक्कही नाही. कायदेशीर पालक अकाली गेला तर गोष्ट आणखी बिकट होते. ज्या घरात मूल लहानाचं मोठं झालं त्याच घरातला दुसरा माणूस अचानक परका ठरतो आणि मुलाच्या ताब्याचा प्रश्न नातेवाईक, बाल कल्याण समिती आणि न्यायालय यांच्यात फिरू लागतो.

आणि मग वारसा. कोकणात हा प्रश्न नुसता पैशाचा नसतो. सातबारावर आजोबांच्या पिढीपासूनची वीस-तीस नावं असतात, घर सामायिक असतं, हापूसची कलमं कुणी लावली आणि पड कुणाच्या वाट्याची यावर दोन पिढ्यांचे वाद असतात. समजा, अशा घरातल्या एका पुरुषाच्या जोडीदाराने मुलगा दत्तक घेतला. दोघांनी मिळून त्याला वाढवलं, तो दर मे महिन्यात त्याच बागेत खेळला. तो पुरुष मृत्युपत्र न करता गेला, तर हिंदू वारसा कायद्याने त्याचा वाटा त्याच्या आईकडे जाईल, ती नसेल तर वडिलांकडे, तेही नसतील तर भावाबहिणींकडे. तलाठ्याकडे वारसनोंद होताना त्या मुलाचं नाव कुणी घेणार नाही. कायद्याच्या नजरेत त्याचा या माणसाशी काही संबंधच नव्हता.

१७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने सुप्रियो विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात निकाल दिला. लग्नाचा मूलभूत हक्क नाही, यावर पाचही जणांचं एकमत होतं. दत्तकाच्या प्रश्नावर मात्र पीठ तीन विरुद्ध दोन असं दुभंगलं. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती संजय किशन कौल यांनी नियम ५(३) आणि काराचं परिपत्रक दोन्ही घटनेशी विसंगत ठरवली. फक्त विवाहित स्त्री-पुरुषच मुलाला स्थिर घर देऊ शकतात, हे दाखवणारं काहीही न्यायालयासमोर आलेलं नाही, असं सरन्यायाधीशांचं म्हणणं होतं. न्यायमूर्ती रवींद्र भट, हिमा कोहली आणि पी. एस. नरसिंह यांनी नियम कायम ठेवला. आपल्याला लागू आहे तो हाच बहुमताचा निर्णय.

बहुमताचं कारण समजून घेण्यासारखं आहे, कारण ते द्वेषातून आलेलं नाही. न्यायमूर्ती भट यांनी लिहिलं, की अविवाहित किंवा समलिंगी जोडपी चांगले पालक होऊ शकत नाहीत, असं आम्ही म्हणत नाही. पण विवाहित पालकांच्या मुलांना कायद्याने जे संरक्षण आहे, म्हणजे पोटगी, ताबा, वारसा, ते अविवाहित जोडप्याच्या मुलाला नाही. मुलाच्या हितासाठी म्हणून ही अट टिकते.

मी हा युक्तिवाद पुन्हा पुन्हा वाचला आणि दर वेळी एकाच ठिकाणी अडले. मुलाला संरक्षण नाही, कारण दुसरा पालक कायद्यात नाही. आणि दुसऱ्या पालकाला कायद्यात घ्यायचं नाही, कारण मुलाला संरक्षण नाही. या वर्तुळातून बाहेर पडण्याचा मार्ग एकच दिसतो. दुसऱ्या पालकावर कायद्याने जबाबदारी टाकायची. पोटगी त्याच्याकडून घ्यायची, वारसा त्याच्याकडून द्यायचा, ताब्याच्या भांडणात त्याला उभं करायचं. जबाबदारी घ्यायला तयार असलेल्या माणसाला परत पाठवून मुलाचं भलं कसं होतं, हे मला तरी उमगलेलं नाही. बहुमतालाही ही अडचण दिसली होती. एकट्याने दत्तक घेतलेल्या आणि नंतर जोडीदारासोबत राहणाऱ्या माणसांची कुटुंबं प्रत्यक्षात आहेत, त्यांतल्या मुलांना हक्कांपासून वंचित राहावं लागू शकतं, म्हणून कारा आणि केंद्र सरकारने याचा विचार करावा, असं न्यायमूर्ती भट यांनीच सुचवलं. पुनर्विचार याचिका ९ जानेवारी २०२५ रोजी फेटाळल्या गेल्या. ती सूचना मात्र निकालपत्रात जशीच्या तशी आहे.

दत्तकाचे नियम अनादी आणि अचल आहेत, असं ज्यांना वाटतं त्यांनी आपल्याच जिल्ह्यातल्या एका माणसाकडे पाहावं. भारतरत्न पांडुरंग वामन काणे हे चिपळूणजवळच्या पेढे-परशुरामचे. त्यांच्या 'धर्मशास्त्राचा इतिहास' या ग्रंथात दत्तकाचा मोठा विचार आहे. जुन्या दत्तकाचा हेतू मुलाला घर मिळावं हा नव्हताच. पिंडदान चालावं, वंश खुंटू नये, मिळकत घराबाहेर जाऊ नये, हा होता. म्हणून मुलगाच हवा, मुलगी नको. विधवेने दत्तक घ्यावा की नाही, हा शतकानुशतकांचा वाद. त्यावर वसिष्ठांच्या धर्मसूत्रात एक छोटंसं वचन आहे, पतीच्या अनुज्ञेबद्दलचं. त्या एकाच वचनाचे चार प्रांतांनी चार अर्थ लावले. मिथिलेत विधवेला दत्तक घेताच येत नसे. बंगालात नवऱ्याने हयातीत परवानगी दिलेली असेल तरच. मद्रासकडे सासरच्या सपिंडांची संमती चाले. आणि आपल्याकडे, मुंबई इलाख्यात, कुणाच्याही परवानगीवाचून विधवा दत्तक घेऊ शके. शास्त्र एकच, पण जगण्याची गरज जशी असेल तसा त्याचा अर्थ लागला.

पुढेही हेच झालं. १९५६ च्या कायद्याने मुलगी दत्तक घेता येऊ लागली आणि अविवाहित स्त्रीलाही हक्क मिळाला. विवाहित स्त्रीला पतीच्या बरोबरीने स्वतःच्या नावाने दत्तक घेता यायला मात्र २०१० उजाडावं लागलं. आणि बाल न्याय कायद्याने हेतूच उलटा केला. आता मूल पालकाच्या मोक्षासाठी नसतं. अनाथ, टाकलेल्या किंवा सोपवलेल्या मुलाला कुटुंबाचा हक्क आहे म्हणून दत्तक असतं. हा बदल मनापासून मानला, तर दत्तक देताना विचारायचे प्रश्नही बदलतात. या घरात मुलाला जीव लावणारी, उद्या त्याच्यासाठी उभी राहणारी माणसं आहेत का, हे आधी पाहावं लागतं.

मान्यता नसलेल्या दत्तकाची किंमत काय असते, हे रत्नागिरीला ऐकून माहीत आहे. झाशीचे राजे नेवाळकर मूळचे लांजा तालुक्यातल्या कोट गावचे. गंगाधररावांनी नोव्हेंबर १८५३ मध्ये, मृत्यूच्या आदल्या दिवशी, पाच वर्षांच्या आनंदरावाला दत्तक घेतलं आणि त्याचं नाव दामोदरराव ठेवलं. विधी झाला, साक्षीला इंग्रज अधिकारी होते. गव्हर्नर जनरल डलहौसीने गादीपुरतं ते दत्तक मानलं नाही आणि १८५४ मध्ये झाशी खालसा झाली. तो प्रश्न राज्याचा होता, आजचा घराचा आहे, आणि दोन्हींची तुलना फार ताणू नये. तरी एक गोष्ट दोन्हीकडे खरी आहे. पालक आणि मूल यांच्यात जे घडलं ते घडलंच, त्याची नोंद करायची की नाही हे मात्र दुसऱ्याच कुणी ठरवलं.

आई-वडील दोन्ही हवेत, नाहीतर मूल नीट वाढत नाही, हा आक्षेप रत्नागिरीत ऐकला की मला आपल्याच घरांची आठवण होते. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२० हून अधिक स्त्रिया होत्या. पिढ्यान्‌पिढ्या बाप्ये मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत, कचेऱ्यांत गेले. मनीऑर्डर येई आणि चाकरमानी गणपतीला, शिमग्याला येई. मुलं वाढवली आई आणि आजीने, आई आणि काकीने, कधी दोन जावांनी मिळून. या घरांतून शिक्षक, डॉक्टर, न्यायाधीश झाले. घरात दोन बायका आहेत म्हणून मुलांचं नुकसान झालं, असं कुणी कधी म्हटलं नाही.

शाळेत इतर मुलं चिडवतील, हा दुसरा आक्षेप. चिडवतील, खरं आहे. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये विधवेशी लग्न केलं तेव्हा दापोलीजवळच्या त्यांच्या मुरूड गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला होता. त्या त्रासावर उपाय म्हणून विधवाविवाह बंद केले नाहीत. त्याच घराण्यातल्या रघुनाथ कर्व्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिकात समलिंगी संबंधांबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना सरळ उत्तरं दिली. १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, आणि मुंबईत त्यांची बाजू मांडायला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर, मंडणगड तालुक्यातलं आंबडवे हे ज्यांचं मूळ गाव. खटला हरले, कर्व्यांना दंड भरावा लागला. पण या विषयावर मोकळेपणाने बोलण्याचा हक्क रत्नागिरीच्या मातीतल्या या दोघांनी नव्वद वर्षांपूर्वी न्यायालयात मागितला होता, हे इथल्या माणसाने विसरू नये.

आता शास्त्र काय म्हणतं. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाने समलिंगी पालकांच्या मुलांवरचे ७९ अभ्यास एकत्र तपासले. त्यांतल्या ७५ अभ्यासांत ही मुलं इतर मुलांपेक्षा मागे असल्याचं आढळलं नाही. एप्रिल २०२३ मध्ये, सर्वोच्च न्यायालयातली सुनावणी सुरू होण्यापूर्वी, इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटीनेही निवेदन काढून सांगितलं, की लग्न किंवा दत्तक यांसाठी ही माणसं अपात्र आहेत असं दाखवणारा कुठलाही पुरावा नाही.

जगात ज्या देशांनी हा प्रश्न सोडवला, त्यांतली दोन उदाहरणं आपल्याला फार जवळची आहेत. दक्षिण आफ्रिकेत सुझान दु ट्वा आणि ॲना-मरी द वोस या जोडीदारांनी दोन भावंडं सांभाळायला घेतली. द वोस स्वतः उच्च न्यायालयाच्या न्यायाधीश होत्या. तरीही कागदावर पालक झाल्या त्या एकट्याच, कारण तिथला कायदा तेव्हा एकत्र दत्तक घेऊ देत नव्हता. सप्टेंबर २००२ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने तो कायदा बदलला. दुसऱ्या आईला बाहेर ठेवण्याने मुलांचंच अहित होतं, हे त्या निकालाचं मुख्य कारण होतं. समलिंगी विवाह तिथे त्यानंतर चार वर्षांनी, २००६ मध्ये आला. म्हणजे लग्नाचा प्रश्न सुटेपर्यंत मुलांना थांबवून ठेवायलाच हवं, असं नाही. तैवानमध्ये उलटं झालं. मे २०१९ मध्ये विवाह कायदेशीर झाला, पण दत्तक फक्त जोडीदाराच्या जैविक मुलापुरतं. ज्याने एकटं असताना मूल दत्तक घेतलं होतं, त्याच्या नवऱ्याला त्या मुलाचा बाप होता येत नव्हतं. काऊशुंगच्या कौटुंबिक न्यायालयाने एका जोडप्याला परवानगी दिली, तेव्हा कोंडी फुटायला लागली, आणि २०२३ मध्ये तिथल्या संसदेने कायदाच दुरुस्त केला.

परदेशातल्या मराठी जोडप्यांनाही भारतातलं मूल घेताना हीच भिंत लागते. न्यूजर्सीत किंवा लंडनमध्ये त्यांचं लग्न झालेलं असो, तिथल्या कायद्याने ते पूर्ण पालक होण्यास पात्र असोत, काराच्या लेखी ते जोडपं नव्हे.

आजच्या घडीला अशा घरातल्या मुलासाठी काय करता येतं, हे माहीत असणं गरजेचं आहे. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, १९५६ च्या कलम ९ नुसार कायदेशीर आई किंवा वडील मृत्युपत्रात मुलाचा पालक नेमू शकतात. तिथे जोडीदाराचं नाव लिहिता येतं. दुसऱ्या जोडीदाराने आपल्या मिळकतीचं मृत्युपत्र मुलाच्या नावे करावं. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतला स्वतःचा हिस्साही मृत्युपत्राने देता येतो. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकाकडे करून घेतलेली बरी. कोकणातल्या सामायिक जमिनींच्या बाबतीत तर करावीच. बँक खात्याला, विम्याला मुलाचं नामनिर्देशन करावं. शाळेला आणि डॉक्टरांना कायदेशीर पालकाने सहीचं अधिकारपत्र देऊन ठेवावं. हे सगळं केलं तरी पोटगीचा हक्क, वारसाचा आपोआप मिळणारा हक्क आणि पालक म्हणून नाव यातलं काहीच मुलाला मिळत नाही. मृत्युपत्राला आव्हान देणारा चुलता कोकणात कुठल्याही घरात निघू शकतो.

नियम ५(३) बदलायला घटनादुरुस्ती लागत नाही, नवा विवाह कायदाही लागत नाही. ती नियमावली आहे, संसदेने केलेला कायदा नव्हे. कारा आणि महिला व बालविकास मंत्रालय ती अधिसूचनेने बदलू शकतात. ८ ऑगस्ट २०२२ रोजी, म्हणजे ही नियमावली येण्याच्या दीड महिना आधी, संसदेच्या स्थायी समितीने पालकत्व आणि दत्तक कायद्यांवरचा आपला अहवाल मांडला. समिती सर्वपक्षीय होती आणि अध्यक्ष भाजपचे सुशीलकुमार मोदी होते. सर्व धर्मांना लागू होईल असा एकच दत्तक कायदा करावा आणि त्यात एलजीबीटीक्यूआय समुदायाचाही समावेश असावा, अशी शिफारस त्यात आहे. पुढच्या महिन्यात नवी नियमावली आली. दोन वर्षांच्या वैवाहिक नात्याची अट त्यात तशीच राहिली.